मास्तरांनी कमावलेले शब्द

डिचोलीच्या शाळेत मी गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मला रीतीप्रमाणे पिळून काढलं. गाव कुठलं, कुणाची कोण, लग्न ठरलंय का, ठरलं नसेल तर का नाही. सगळे प्रश्न संपल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक लांबोडक्या चेहऱ्याचे गृहस्थ म्हणाले, "वडील काय करतात?"

"पेडण्याला आमची पिठाची गिरण आहे."

गृहस्थ ताडकन उभे राहिले. "गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत झाले, की ते पुन्हा खरबरीत कोण करतं?"

"बाबाच करतात. त्याला टाकी लावणं म्हणतात."

त्यांनी घाईघाईने हात वर करून मला थांबवलं. "शब्द मला ठाऊक आहे. पण तो अजून माझा नाही."

मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी वेडा भेटला.

हे आमच्या शाळेचे मराठीचे मास्तर. त्याच रविवारी ते मला न विचारता, न सांगता सकाळच्या बसने पेडण्याला गेले आणि बाबांच्या गिरणीत दिवसभर दगडाला टाकी लावत बसले. सोमवारी शाळेत आले ते डाव्या अंगठ्याला एवढं मोठं फडकं गुंडाळून. भुवयांत दगडाची पूड तशीच. हजेरीपटावर सही करण्याआधी खोलीच्या मधोमध उभे राहून मोठ्याने म्हणाले, "टाकी! टाकी लावणे! टाकी लावली, टाकी लावतो, टाकी लावीन!" आणि मग शांतपणे वर्गावर गेले. त्याच आठवड्यात बाबांचं पत्र आलं: "तुझे मास्तर फार सज्जन आहेत. पुढच्या खेपेस येणार असतील तर आधी कळव, म्हणजे गिरण बंद ठेवतो."

गोवा मुक्त होऊन दहाबारा वर्षं झाली असतील. गावातून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, आणि आमच्या पांढऱ्या साड्या महिन्याभरात आपोआप गुलाबी व्हायच्या. त्या लाल धुळीत मास्तर चाळिशी ओलांडलेले, अविवाहित, देवळाच्या तळीमागे एका खोलीत राहत होते आणि माणसाने जगात करायचं एकच काम त्यांनी ठरवून टाकलं होतं. निरनिराळ्या धंद्यांतले शब्द कमवायचे.

कमवायचे हा त्यांचाच शब्द. वहीत शब्द टिपून घेणारे पुष्कळ असतात. मास्तरांचा नियम वेगळा होता आणि तो ते सांगायचे तेव्हा शाळेतली मराठी सोडून घरच्या बोलीत सांगायचे: "काम केल्याबगर उतर तोंडांत घेवचें न्हय." उतर म्हणजे शब्द. ज्या धंद्याचं काम आपण हाताने केलेलं नाही, त्या धंद्याचा शब्द उच्चारायचा नाही. काम करायचं, ते करणाऱ्या कारागिराने "बरें जालें" म्हणून पास करायचं, मगच तो शब्द आपला. झाड, नदी, दुःख, दुपार हे शब्द सगळ्यांचे, त्यांना मुभा होती. धंद्यातल्या शब्दाला मुभा नाही.

आता हा नियम ऐकायला थोर वाटतो. पण असा नियम पाळणाऱ्या माणसाशेजारी बसून डबा खाऊन बघा! मास्तरांना तेव्हा स्वयंपाक येत नव्हता, ते खाणावळीत जेवायचे. त्यामुळे माझ्या डब्यातल्या आमटीला ते म्हणाले, "बाई, यात तो तेलात मोहरी तडतडण्याचा प्रसंग फार छान जमलाय." मी खाताखाता ठसकले. "मास्तर, फोडणी म्हणा की सरळ!" ते हताशपणे हसले. पुढे दिवाळीच्या सुट्टीत खाणावळवाल्या काकूंच्या हाताखाली पंधरा दिवस राबून, मनगटावर तेलाचे चटके घेऊन आले आणि मग वर्षभर त्यांनी आम्हाला फोडणीने हैराण केलं. पाऊस पडला तरी त्यांना तो फोडणीसारखा वाटायचा.

मुख्याध्यापकांना ते "त्या खोलीतले गृहस्थ" म्हणत. का, तर मुख्याध्यापक हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मुख्याध्यापक बिचारे शांत स्वभावाचे, पण पालकांसमोर, शिपायासमोर सतत "त्या खोलीतले गृहस्थ" ऐकून त्यांचाही तोल जायचा. शेवटी एकदा ते भाचीच्या लग्नाला गेले तेव्हा मुद्दाम मास्तरांच्या हाती शाळा सोपवून गेले. परत आले तर फाटकात मास्तर हात जोडून उभे. "नमस्कार, मुख्याध्यापक! या मुख्याध्यापक! बसा मुख्याध्यापक!" मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. मला वाटतं ते हसण्याचं असावं.

मास्तरांच्या नापासाच्या गोष्टी पासापेक्षा रंगतदार होत्या. रेंदेर, म्हणजे माडाची ताडी काढणारा, त्याच्याबरोबर ते माडावर चढले आणि अर्ध्यावर माडाला मिठी मारून बसले. त्यांना उतरवायला मये गावाहून दुसरा रेंदेर आणावा लागला. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल घेऊन ते एका सकाळी भोंपू वाजवत निघाले. पण दर घरात आपला कुणी ना कुणी विद्यार्थी, आणि दिसला विद्यार्थी की विचार गृहपाठ! नवव्या घरापर्यंत शाळेची घंटा झाली. खालच्या वाड्यावरच्या पंचवीस घरांनी त्या दिवशी चहाबरोबर नुसती वाट पाहिली. पोदेराने मास्तरांकडून टोपली काढून घेतली आणि निकाल सांगितला, "पाव थंड जाले, लोक गरम जाले. नापास."

पण सर्वांत गाजली ती ट्रकाची गोष्ट. खनिजाच्या एका ट्रकावर वेंगुर्ल्याकडचा ड्रायव्हर होता, तोंडाने फटकळ पण मनाने मऊ. एका रविवारी त्याने मास्तरांना क्लीनर म्हणून घेतलं. मास्तरांना हवा होता एकच शब्द, ट्रकाच्या हौद्याला मागे जी खाली पडणारी फळी असते तिचा. म्हणजे फाळका. सकाळभर सगळं सुरळीत पार पडलं. दुपारी ट्रक एका चिऱ्याच्या भिंतीकडे मागे घ्यायचा होता. मागे उभं राहून ड्रायव्हरला ओरडून सांगणं हे क्लीनरचं काम. जगातला कुठलाही क्लीनर अशा वेळी "येऊ दे, येऊ दे, बस्स!" एवढंच ओरडतो. आमचे मास्तर मराठीचे शिक्षक. वयाने मोठ्या ड्रायव्हराला अरेतुरे कसं करायचं? त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "या, या, यावे, अजून थोडेसे मागे यावे, आता मात्र भिंत अगदी जवळ आली असल्यामुळे आपण कृपा करून..."

"थांबावे" हा शब्द भिंतीच्या आवाजात बुडाला.

ड्रायव्हर खाली उतरला. वाकलेला फाळका पाहिला, मास्तरांना पाहिलं, डोक्यावरचा पंचा काढून घाम पुसला. "मास्तरांनू," तो म्हणाला, "तुमचा वाक्य पुरा होयपर्यंत माजो फाळको मोडलो. ट्रकाक व्याकरण कळत नाय!"

पुढचा महिनाभर मास्तर तोंड पाडून "ट्रकाच्या पाठचं दार" म्हणत हिंडले आणि दर रविवारी तळीच्या काठावर उभे राहून "येऊ दे! बस्स!" ओरडायचा सराव करत राहिले. म्हशी सावध व्हायच्या.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा त्यांना थोडं चिडूनच विचारलं. तेव्हा त्यांनी वडिलांची आठवण सांगितली. वडील पेडण्याकडचे सुतार. मास्तर शिकायला लागले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने एका जाड कोशातला शब्द वडिलांना वाचून दाखवला, 'वाकस : लाकूड कापण्याचे हत्यार'. वडील हातातला वाकस खाली ठेवून हसत सुटले. वाकस कापत नाही, वाकस तासतो. कापते करवत. मग पोराच्या हातात त्यांनी वाकस दिला. पोराला तो दोन्ही हातांनीही धड उचलेना. "बघ," ते म्हणाले, "पुस्तकांत वाकस हळू आसता." हळू म्हणजे हलका.

"तेव्हापासून," मास्तर म्हणाले, "वजन माहीत नसलेला शब्द उचलायची मला लाज वाटते." मला त्या वेळी त्यांच्याबद्दल एकदम फार आदर वाटला. तो दुसऱ्या तासापर्यंत टिकला, कारण दुसऱ्या तासाला ते माझ्या वर्गात आले आणि खडू कसा बनवतात हे माहीत नसल्याने "ती पांढरी कांडी द्या" म्हणाले.

आता इंदूबायबद्दल सांगायला हवं.

बाजारात समया घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या कासाराचं दुकान होतं. त्याच्या माडीवर इंदूबाय शिवणाचा वर्ग चालवायची. वय तिशीच्या पुढे. आईवडील लवकर गेले, तेव्हा ह्या बाईने मशीन चालवून दोन भाऊ वाढवले, शिकवले, त्यांची लग्नं लावली. स्वतःचं लावायला सवड झाली नाही. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, बोलणं टाचणीएवढंच. मी शाळा सुटल्यावर तिच्याकडे झंपर शिवायला शिकत होते. एका संध्याकाळी जिना करकरला आणि दारात मास्तर.

"मला तुमच्या कामातले शब्द हवेत," ते म्हणाले. "उदाहरणार्थ, बटण ज्या फटीतून आत जातं, तिला..."

इंदूबायने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "पयलीं काज करात. उतरां मागीर."

एक चिंधी, एक सुई आणि दोरा त्यांच्यासमोर ठेवून ती आपल्या मशीनवर जाऊन बसली. तासाभराने मास्तरांनी काज दाखवलं. तिने ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. "उसवा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "उसवा." तिसऱ्या दिवशी, "उसवा." आठवड्याभरात मास्तरांनी तिच्याकडून एकच शब्द कमावला, तो म्हणजे उसवणे. पण तो मात्र त्यांना इतका पक्का येऊ लागला की विद्यार्थ्यांच्या निबंधांवर ते लाल शाईने 'उसवा' असा शेरा मारू लागले.

बाकीचे कारागीर मास्तरांची दया येऊन लवकर पास करायचे. कुंभाराने तर त्यांनी चाकावर बसवलेला मडक्यासारखा गोळा पाहून, माती वाचावी म्हणून, दहा मिनिटांत पास केलं होतं. इंदूबायने मात्र सूट दिली नाही. आणि गंमत अशी की मास्तरांनाही ती नको होती. ते आठवड्यातून चार दिवस येत. धावदोरा घालायला शिकले, टीप मारायला शिकले, तिरपं कापलेलं कापड ओढलं की ताणतं त्याला उरेब म्हणतात हेही कमावलं. काज काही जमेना. आम्ही दहाबारा मुलीबायका तोंडात पदर कोंबून हसत असायचो. इंदूबायने एकदाच माझ्याकडे पाहून म्हटलं, "तुमचे मास्तर काज करूंक शिकतले, बाई. पूण बटण केन्ना लायतले?" बटण कधी लावणार, ते तिने मास्तरांना मात्र विचारलं नाही.

सगळ्या डिचोलीला कळलं होतं. पोदेराला कळलं होतं, ट्रकवाल्याला कळलं होतं. मास्तर जिन्यावरून उतरले की खालचा कासार समयीवर हातोडीचा एक ठोका जास्त मारायचा. कळलं नव्हतं ते मास्तरांना, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी मी न राहवून म्हटलं, "मास्तर, तुम्हाला इंदूबाय आवडते. तिला लग्नाचं का विचारत नाही?"

ते म्हणाले, "विचारायचं म्हणजे मी तिचा... तो... व्हायला तयार आहे असं म्हणावं लागेल. आणि ते काम मी केलेलं नाही, बाई. तो शब्द मी कसा उच्चारू?"

'घोव' म्हणायचं होतं त्यांना. नवरा. मी कपाळावर हात मारला. जगात अशा कारणासाठी कुणी अविवाहित राहिलं असेल असं मला वाटत नाही.

सात महिने असे गेले. आठव्या महिन्यात, एका बुधवारी, इंदूबायच्या धाकट्या भावाने वर्गात येऊन पेढे ठेवले. मुरगावला बंदरात नोकरी असलेल्या एका विधुर गृहस्थाशी त्याने बहिणीचं ठरवलं होतं. रविवारी साखरपुड्याला मुरगावला जायचं. गृहस्थ खरोखर भला होता, आणि पुढे वर्षाच्या आत त्याचं दुसरीकडे चांगलं जमलं हे इथेच सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी नको. भाऊही वाईट नव्हता. बहिणीने आपल्यासाठी जन्म खर्ची घातला, आता तिचं काहीतरी करायला हवं म्हणून तो धडपडत होता. फक्त त्या धडपडीत तिला विचारायचं राहून गेलं.

वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले. इंदूबाय मशीनवरचं कापड झाडत होती. "तुला जायचंय का मुरगावला?" मी विचारलं.

"म्हाका कोणेंच विचारूंक ना, बाई," ती म्हणाली. "भावान ना, तुमच्या मास्तरान ना." आणि झाडून झालेलं कापड ती पुन्हा झाडू लागली. मला त्या क्षणी दोघांनाही, भावालाही आणि मास्तरांनाही, एका दोऱ्यात बांधून तळीत बुडवावंसं वाटलं.

मी तडक मास्तरांच्या खोलीवर गेले आणि त्यांना झाडलं. "तुमच्याजवळ डिचोली तालुक्यातल्या सगळ्या धंद्यांचे शब्द आहेत आणि त्या बाईसाठी एक नाही? रविवारी ती जातेय. कळतंय का? रविवारी!"

मास्तर पांढरेफटक पडले. "शिकायला हवं," ते पुटपुटले. "तीन दिवस आहेत." आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते नवऱ्याचं काम शिकायला मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन बसले.

खोटं वाटेल, पण ही घडलेली गोष्ट आहे. मुख्याध्यापकांना ताप होता म्हणून ते दोन दिवस घरीच होते. मास्तर सकाळी सातला जायचे, समोर स्टूल टाकून बसायचे आणि मुख्याध्यापक काय करतात ते बघायचे. शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आले ते पार गोंधळून.

"बाई, तिथे कामच दिसत नाही. ते बसतात. मधून मधून 'च्या' म्हणून चहा मागतात. एकदा 'माजो आरसो खंय दवरला?' म्हणाले. आरसो म्हणजे चष्मा, तो त्यांच्या कपाळावरच होता. मी वहिनींना विचारलं, यांचं नेमकं काम कोणतं? त्या म्हणाल्या, तेंच हांव वीस वर्सां सोदतां, म्हणजे शोधतेय."

मी हसून हसून लोटपोट झाले. मास्तर हसले नाहीत. "हत्यार नाही, माप नाही, पास करणारा कारागीर नाही. कसं शिकायचं?" आणि ते डोकं धरून पायरीवर बसले. माझं हसू जागच्या जागी आटलं. हा माणूस थट्टा करत नव्हता. रविवारी त्याचं सर्वस्व भाड्याच्या गाडीत बसून मुरगावला जाणार होतं आणि तो आपल्याच नियमाच्या कुंपणात उभा होता.

रविवार उजाडला. आमच्याकडे घरातलं माणूस अशा कामाला निघालं की उंबऱ्यात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता पुरुष एका ठरावीक सुरात देवाला सगळी हकिगत सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणतात. यातली आतली गोष्ट अशी की होकार देणारे ऐकत नसतात. जन्मभराची सवय, सूर खाली उतरला की तोंड आपोआप उघडतं. कुणी त्या सुरात "गेल्या साली माझी गाय हरवली" म्हटलं तरी मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणतील.

बाजारात गाऱ्हाणं घालायचा मान कासाराचा. पण त्याचा घसा साफ बसला होता. आणि मास्तरांनी मागल्या वर्षी पेडण्यातल्या एका देवळात म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून हे काम शिकून घेतलं होतं, त्यात ते पहिल्या फटक्यात पास झाले होते. भाऊ आपणहून म्हणाला, "मास्तरांनू, तुमीच घालात."

मास्तर नाही म्हणतील असं मला वाटलं. पण काम आलं की ते टाळत नसत. ते इंदूबायच्या उंबऱ्यासमोर उभे राहिले. बाहेर गाडी थांबलेली, ड्रायव्हर दार उघडून तयार. ट्रकवाला, पोदेर, वर्गातल्या आम्ही साऱ्या, शेजारचे दुकानदार, असे तीसचाळीस जण जमलेले. इंदूबाय नव्या साडीत, मान खाली घालून. मास्तरांनी डोळे मिटले आणि सूर लावला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ही तुजी लेक घराभायर पांय घालता..."

"व्हय म्हाराजा!"

"तिचे वाटेर कांटो आसत तो दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हाताक आजवर येस दिलें तशें फुडें दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी म्हाराजा, तिका बरो..."

आणि मास्तर थांबले. पुढचा शब्द 'घोव'. प्रत्येक मुलीच्या गाऱ्हाण्यात तो येतोच. मास्तरांचे ओठ हलले, कपाळावर घाम आला. मी मनात ओरडत होते, म्हणा, निदान आज तरी म्हणा! त्यांनी सूर पुन्हा उचलला. "तिका बरो... तो बसून च्या मागता तसलो मनीस मेळूं दी!"

"व्हय म्हाराजा!" तीसचाळीस तोंडांनी बेधडक होकार दिला.

"थंय मुरगांवाक तिका सुखी दवर..."

"व्हय म्हाराजा!"

संपलं. हा भला माणूस स्वतःच्या तोंडाने, खणखणीत सुरात, तिला दुसऱ्याच्या घरी पोचवून मोकळा झाला होता. मला रडू यायला लागलं. भाऊ नारळ उचलायला वाकला.

तेवढ्यात इंदूबायने त्याच्या हातावर हात ठेवला. डोक्यावरून पदर घेतला, एक पाऊल पुढे आली आणि तिने सूर लावला. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पण सूर तोच होता, आणि बरोबर लागला होता.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! हो जो मास्तर तुज्या मुखार उबो आसा, तो सात म्हयने माजे माडयेर काज करता..."

"व्हय म्हाराजा!"

"ताका आजून एक काज सारकें येना..."

"व्हय म्हाराजा!"

"जें काम करूंक ना, ताचें उतर तो तोंडांत घेना. म्हणून तो म्हाका विचारना..."

"व्हय म्हाराजा!"

"तर म्हाराजा, ताका त्या कामाक लाय! माज्या घरा लाय! माजो घोव म्हणून लाय!"

"व्हय म्हाराजा!"

असा दणदणीत होकार डिचोलीच्या बाजारात कुठल्याही गाऱ्हाण्याला मिळाला नसेल. आणि मग आपण कशाला होकार दिला ते एकेकाच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. ट्रकवाल्याने पंचा तोंडात कोंबला. भाऊ बहिणीकडे बघतच राहिला.

"अगे, पूण मुरगांवचे वाट पळयतात..." तो चाचरत म्हणाला.

कासाराने बसलेल्या घशातून कसाबसा आवाज काढला. "गाऱ्हाणें परत घेवंक येना रे. आनी सगळ्यांत व्हडल्यान व्हय तूंच म्हणलोय मरे!"

खरंच तोच म्हणाला होता. सवयीने. भावाने हात खाली सोडले, बहिणीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, बहुधा कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा, आणि तो बाजूला सरला.

आता सगळे मास्तरांकडे बघत होते. ते उंबऱ्यासमोर तसेच उभे, चेहरा घामाने डबडबलेला. इंदूबायही त्यांच्याकडे बघत होती, सरळ, काज खिडकीपाशी नेऊन तपासावं तशी. गाडीवाल्याने चालू ठेवलेलं इंजिन बंद केलं.

सगळ्यांच्या नंतर, एकटेच, अगदी हळू आवाजात मास्तर म्हणाले, "व्हय म्हाराजा."